थरथर

इंजिनातून घरघर येत होती आणि उभ्या गाडीतही स्टिअरिंग थरथरत होतं, म्हणून टॅक्सीवाल्याने गाडी जुन्या मित्राच्या गॅरेजात आणली. मित्राने इंजिनखालचे झिजलेले रबर बदलले, ट्यूनिंग केलं आणि एक चक्कर मारून आला.

"लोण्यासारखी पळतेय. बघ बसून!"

टॅक्सीवाला हौसेने बसला. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता. त्याने स्टिअरिंग धरलं आणि त्याचा चेहराच पडला.

"अरे, कसलं काय! थरथर आहे तशीच आहे."

मित्र त्याच्या हातांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गाडी बंद आहे रे."

टॅक्सीवाल्याने खाली पाहिलं.

शेवटी शेवटी ज्यांना पाण्याचा पेलाही धरवत नव्हता, ते त्याच्या वडिलांचे हात स्टिअरिंगवर होते.