कुंडातलं दार

डोंगरावरच्या प्राचीन देवळाच्या पुजाऱ्याचं पत्र म्हाताऱ्या लेखकाच्या कपाटात अकरा वर्षं पडून होतं. ‘तुमच्या पुस्तकातल्या फोटोत देवळाचं दार बंद आहे, पण कुंडातल्या प्रतिबिंबात ते उघडं दिसतं. पाण्यात उतरून बघू का? तुमचं उत्तर येईपर्यंत थांबतो.’

आपलीच काहीतरी चूक झाली असणार, या धास्तीने लेखकाने उत्तर टाळलं होतं.

“तुमच्या उत्तराची वाट बघता बघता बिचारा म्हातारा व्हायचा,” पत्नी टोमणा मारायची.

आज कपाट आवरताना त्याने पुस्तक उघडून फोटोवर भिंग धरलं. पाण्यातलं दार आता मिटलेलं होतं. दारापुढे रिकामे हात पसरून सोवळं नेसलेला एक म्हातारा माणूस उभा होता. वर, खऱ्या पायऱ्यांवर, कोणीच नव्हतं.

‘उतरू नका,’ एवढंच कसंबसं खरडून त्याने पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं आणि धापा टाकत तो घरी आला.

पत्नी भिंग घेऊन पुस्तकावर वाकली होती.

“अहो, या माणसाच्या हातात काय आहे हो? पाकीट का?”