गाडीला हे पाणी नको

सहदेवची टॅक्सी आदल्या दिवशी विक्रोळीला भर रस्त्यात उकळली. बॉनेटमधून वाफ आली, पॅसेंजर शिव्या देत उतरले. एका टेम्पोवाल्याने दोरी बांधून गाडी घरापर्यंत ओढत आणली. आज दुपारी ती चाळीसमोर उभी होती आणि जयवंत तिच्याखाली आडवा झाला होता. दोघे पूर्वी एकाच गिरणीत, एकाच खात्यात. संपात गिरणी सुटली तेव्हा सहदेवने टॅक्सी धरली आणि जयवंत घाटकोपरला एका गॅरेजात लागला.

जयवंतने रेडिएटरची खालची तोटी सोडली. काहीच आलं नाही. तार घालून ढोसलं, तसा पिवळट हिरवा गाळ घमेल्यात पडू लागला.

"वाट लागलीय रे. आतून सगळं तुंबलंय. पाणी फिरणार कुठून? इंजिन तापणारच."

"गंज असेल."

"गंज तांबडा असतो. हे बघ." जयवंतने वरचा पाइप काढून इंजिनाचं तोंड दाखवलं. उंदराने कुरतडावी तशी धातूची कड झाली होती. "बॅटरीतलं ॲसिड ओतलंस काय?"

"येडा आहेस? साधं पाणी घालतो."

ते साधं पाणी प्रेमा, सहदेवची बायको, चाळीमागच्या विहिरीवरून आणत होती. तिला पाचवा महिना होता. तिसरी बादली ठेवून ती पायरीवर टेकली. ओट्यावर सासू तांदूळ निवडत होती.

"बसलंस काय गो?" सोनूबाई म्हणाली. "पाणी लागतला अजून."

जयवंतने दोन बादल्या आत ओतल्या. गाळ आला, पण पाणी निवळेना.

"वहिनी, डबाभर पाणी कडक तापवून द्या. धुण्याचा सोडा घालून फिरवू."

प्रेमाने ओट्याखालीच स्टोव्ह पेटवला. पाणी उकळलं. सोडा टाकायला जयवंत डब्यावर वाकला आणि मागे सरला. पुन्हा वाकून त्याने वास घेतला. मग घमेल्यातल्या गाळाचा घेतला. विहिरीपलीकडे नाला होता, नाल्यापलीकडे रंगाचा कारखाना. तो तिकडे बघत राहिला.

"हे पाणी विहिरीचं ना? नाल्याचा वास आहे ह्याला. गार असताना कळत नाही, तापलं की सुटतो."

"हा वास आमच्या भाताला येतो," प्रेमा म्हणाली. "पेजेला तर फारच."

"तुझ्या हाताक चव नाय म्हणान येता," सोनूबाई म्हणाली. "विहिरीक कित्याक नावां ठेवतंस? ह्याच विहिरीचा पाणी पिऊन माझो झील सहदेव वाढलो."

"मावशी, तेव्हा तिथे कारखाना नव्हता," जयवंत म्हणाला. मग सहदेवकडे वळून, "गाडीला हे पाणी नको घालू. दुसरा रेडिएटर टाकलास तरी तो पण खाऊन टाकेल. नळाचं घाल."

"नळाचं कुठून आणू? स्टेशनजवळ एक नळ, त्याला पहाटे पाणी येतं. रांग लावून हंडाभर मिळालं तर मिळालं. अख्खी चाळ ह्याच विहिरीवर आहे."

बोलता बोलता त्याची नजर प्रेमाच्या पोटावर गेली.

प्रेमाने स्टोव्ह बंद केला. त्याचा आवाज थांबल्यावर तिचं हळू बोलणंही सगळ्यांना ऐकू आलं.

"डॉक्टरीणबाईंनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. मी तांबेच्या तांबे पिते."

"लोखंडाचं वेगळं असतं," सहदेव म्हणाला. "माणसाचं वेगळं. काय रे जयवंत?"

जयवंत फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

प्रेमाची दोन बाळं गेली होती. एक सातव्या महिन्यात, दुसरं जन्मल्यावर रात्रभर जगून. दोन्ही वेळा सोनूबाईने गावी जाऊन देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. दोन्ही वेळा कौल आला होता की दोष सुनेत आहे. चाळीत हा कौल सगळ्यांना ठाऊक होता. शेजारच्या बारशाला प्रेमाला कुणी बोलावत नसे.

"आई," प्रेमा म्हणाली. "ती दोन माझ्यामुळे नाही ना गेली?"

सोनूबाईचा हात सुपात थांबला.

"अगं, आता ते कशाला," सहदेव म्हणाला.

"मी तुम्हाला नाही विचारत."

सोनूबाईने सुनेकडे पाहिलं, मग घमेल्याकडे. जयवंत उगाच गाडीखाली शिरला.

जरा वेळाने सोनूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली. बाहेर आली ती कमरेवर रिकामा हंडा घेऊन. गुडघ्यांमुळे ती वर्षभर ओटा उतरली नव्हती. आता भिंत धरून, एकेका पायरीवर थांबत ती उतरली.

"आई, कुठे निघालीस?" सहदेव म्हणाला. "नळाला पाणी पहाटे येतं."

"माका म्हायत आसा," ती मागे न बघता म्हणाली.

स्टेशनकडच्या रस्त्यावर सावली नव्हती. नळापाशी कुणीच नव्हतं. सोनूबाईने हंडा कोरड्या नळाखाली ठेवला आणि तापलेल्या दगडावर पहिला नंबर धरून बसली.