उस्ताद खोक्यात बसले

"मी यात बसणार नाही," सासरे म्हणाले आणि बसले. सुजलेल्या गुडघ्याने दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

मागच्याच आठवड्यात सुनेने घरची मोटार विकून ही लांबलचक बॅटरीवाली सायकल आणली होती. पुढे लाकडी खोकं. त्यात एरवी पोरं बसायची, नाहीतर भाजी. आज दवाखान्यात जायला सासरे. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवण्यात घातला होता. दुसऱ्या कुणाच्या हातातल्या गाडीत ते कधी सुखाने बसले नव्हते.

त्यांनी तोंडासमोर पेपर धरला.

"बाबा, उलटा धरलाय."

"वाचत नाहीये. लपतोय."

दर वळणावर त्यांचा उजवा पाय खोक्याच्या तळाशी ब्रेक शोधत होता. गुडघ्यातून कळ जायची, तरी पाय ऐकेना.

पुलाच्या तोंडाशी एक ट्रक आडवा बंद पडला होता आणि त्याच्या मागे सगळी वाहनं ठप्प होती. सून कडेकडेने सायकल पुढे काढू लागली, तेवढ्यात वरून हाक आली.

"उस्ताद?"

रांगेतल्या एका ट्रकच्या खिडकीतून त्यांचा जुना जोडीदार वाकून बघत होता. सासरे पेपरासकट खाली सरकले.

"अहो उस्ताद, पाय बाहेर आलेत तुमचे!"

पेपर खाली आला. सासऱ्यांचे कान लाल झाले होते. "तू कधीपासून उभा आहेस इथे?" त्यांनी दरडावून विचारलं.

"विचारू नका. नुसतं डिझेल जळतंय. गाडी तसूभर हलेना."

पुढे तो बंद पडलेला ट्रक आणि पुलाचा कठडा यांच्यामध्ये जेमतेम खोक्याएवढी फट होती. सून थबकली.

"निघेल का हो यातून, बाबा?"

तिने विचारायचा अवकाश, सासरे गुडघा दाबत खोक्यात उभे राहिले. मान बाहेर काढून त्यांनी कठडा पाहिला, ट्रकचं चाक पाहिलं आणि हात हलवला.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे जरा... अगं, घाबरतेस काय, मी बघतोय ना! बस्स! आता सरळ!"

सायकल अलगद पलीकडे निघाली. समोर अख्खा पूल मोकळा होता.

"उस्ताद!" मागून जोडीदार ओरडला. "ड्रायव्हर कोण म्हणायचं हे?"

"आमच्या सूनबाई!"

"आणि तुम्ही?"

सासऱ्यांनी खोक्याच्या फळीवर दोनदा सणसणीत थाप मारली.

"क्लीनर!" ते ओरडले. "चल गं, जाऊ दे!"