मागचे सात दिवस

"काम शोधताय का?" पाहणीवाल्या साहेबांनी विचारलं. आकारामनं तोंड उघडायच्या आधीच त्याची बायको विमल चुलीपुढनं बोलली, "शोधत्यात की. रोज सकाळी जात्यात."

शिवाजी पेठेतली एकच खोली. साहेब दाराशी मांडलेल्या पाटावर बसले होते, मांडीवर कागद. शहरात किती माणसं कामावर, किती बेकार, याची सरकारी पाहणी चालली होती. कारखाना बंद पडला, लेथवरचं काम गेलं, हे आकारामनं सांगून झालं होतं. मागच्या सात दिवसांत तासभर तरी काम केलं का, या प्रश्नाला तो हसला होता.

"नळावरनं बायकोचं पाणी भरतो की, पावणं. धरा ते."

ते धरत नाहीत, असं साहेबांनी सांगितलं.

विमल पायाच्या अंगठ्यानं बाळाच्या झोळीची दोरी ओढत होती. सोमवारी उद्यमनगरात, मंगळवारी शाहूपुरीत, बुधवारी चालत पार गांधीनगरापर्यंत. नवरा कुठं कुठं जाऊन आला ते तिला पाठ होतं. ती एकेक नाव सांगत गेली. संध्याकाळी पाय धुताना किती धूळ निघते, तेही सांगितलं.

"गप जरा," आकाराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तिची दोरी थांबली.

तो कुणाकडंच बघत नव्हता. "नदीच्या घाटावर जाऊन बसतो. दिवाळीपास्नं कुणाच्या दारात गेलो न्हाय. सगळी तोंडं वळखीची झाल्यात. लांबनं बघूनच न्हाय म्हणत्यात."

साहेबांचं पेन हातातच राहिलं. मग ते जरा अवघडून म्हणाले की नियम तसा आहे, शोधत असेल त्यालाच बेकार धरायचं. शोधत नसेल तो त्यात येत नाही.

"मग मी कशात येतो?"

म्हातारे, पांगळे, शाळेतली पोरं, घरातल्या बायका, साहेबांनी सांगितलं. त्यांच्यात.

आकारामनं मान हलवली, जणू भाव पटला.

विमलला रागच येईना. रोज ती रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी फडक्यात बांधून देत होती. ती भाकरी घाटावर तो एकटाच खात असेल, एवढंच तिच्या मनात आलं. आणि रोज दिवेलागणीला आपण विचारायचो, आज कुठं गेलतासा? तेवढ्यासाठी त्याला रोज एक नवं नाव शोधावं लागत होतं.

बाळ कुरकुरलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं. साहेब आता तिच्या नावाशी आले होते. वय बावीस. घरकाम. ते पुढं सरकणार होते, पण थांबले. तुम्हालाही विचारावं लागतं, म्हणाले, तुम्ही काम शोधता का?

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो बोळाकडं तोंड करून बसला होता. बाळ चुटुचुटु पीत होतं.

"शोधतो," विमल म्हणाली. "आजपास्नं. लिव्हा."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं.

"मागच्या सात दिवसांचं लिहायचं असतं, वहिनी," ते म्हणाले. "आजचं धरत नाहीत."