शीग

पंचाक्षरीनं भरलेल्या मापावरून सागवानी पट्टी फिरवली. काठाच्या वर आलेली ज्वारीची शीग परत पोत्यात पडली.

समोर धुरपदाबाई पदर पसरून उभी होती. मजुरी करणारी म्हातारी, वीस वर्षं दर बाजारी याच दुकानात येणारी. तिनं पडलेल्या दाण्यांकडं पाहिलं, पण पदर तसाच धरून ठेवला. शीग अजून यायची आहे, असं तिला वाटलं.

मुरूमच्या पेठेत, रस्त्याच्या पलीकडं, सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं दुकान घालून दोन महिने झाले होते. तिथं पायलीमागं दोन पैसे कमी घेत. माप मात्र सपाट असे. थोडी गिऱ्हाइकं तिकडं गेली होती. उरलेलीही गेली तर हे दुकान बसणार होतं, आणि इथल्याच कोठारावर पंचाक्षरीची उमरग्याची आणि आलूरची दुकानं चालत होती.

त्यानं आठ दिवस विचार केला होता. तीन दुकानांचा माल आपण सुगीत एकदम घेतो, गाड्या घरच्या आहेत, जोंधळाही चोख आहे. जातं ते शिगेत जातं. म्हणून शीग बंद करायची, भाव एका पैशानं उतरवायचा, आणि तिन्ही दुकानांत माप एकसारखं ठेवायचं. सुताराकडून त्यानं तीन पट्ट्या करून घेतल्या. त्याची आई सिद्धम्मा तीस वर्षं या गादीवर बसत आली होती. पट्टी मी हातात धरणार नाही, एवढंच ती म्हणाली. म्हणून आज बाजाराच्या दिवशी तो स्वतः मापायला बसला होता.

"मावशी, आता शीग न्हाय," तो म्हणाला. "भाव पैशानं उतरवलाय. हिशेब केला तर तुमचाच फायदा हाय."

धुरपदाबाईनं मापाच्या सपाट काठाकडं बोट केलं.

"हिशेब मला येत न्हाय, अप्पा. शीग डोळ्याला दिसती."

मग न रागावता तिनं विचारलं, "आन् सपाटच घ्यायचं, तर समोर आणखी एक पैसा कमी हाय न्हवं?"

तिनं पदर झटकला, खांद्यावर घेतला आणि रस्ता ओलांडून गेली. मागं उभ्या असलेल्या तीन बायकाही निघाल्या. त्यातली एक जाता जाता म्हणाली, की आता दोन्ही दुकानं एकाच आईची लेकरं दिसायला लागली.

सिद्धम्मा आतून उठून आली. तिनं पट्टी बाजूला सारली. दोन्ही ओंजळींनी माप भरलं, दाणे कडेनं घरंगळेपर्यंत भरत राहिली, आणि रस्त्यावरून दिसेल असं दुकानाच्या उंबऱ्याशी ठेवलं.

"बाकीच्या दोन पट्ट्या कुठं हायत?" तिनं विचारलं.

पंचाक्षरीनं रस्त्याकडं पाहिलं. उमरग्याची आणि आलूरची गाडी दिवस उगवायच्या आधीच गेली होती. तिकडची दुकानं एव्हाना उघडली असतील.

वाटेत मोडू नयेत म्हणून त्या पट्ट्या त्यानं स्वतःच्या हातानं कापडाच्या धडप्यात गुंडाळून दिल्या होत्या.