एफीच्या टोपीतलं पीस

स्कॉटलंडच्या स्पे नदीवर सामन मासेमारीचा हंगाम दुसऱ्या दिवशी उघडणार होता आणि आमच्या मर्डोची जुनी पिसं गळावर आमिषाची नकली माशी बांधताना कडाकडा मोडत होती.

"किटलीच्या वाफेवर धर की," मी म्हटलं. धरली, तरी मोडलीच. शेवटी पठ्ठ्याने बायकोच्या, एफीच्या, चर्चला घालायच्या टोपीतलं लालचुटूक पीस गुपचूप उपटलं. वाफ लागताच ते रेशमासारखं वळलं आणि गळावर झकास माशी बसली.

सकाळी नदीकाठी बॅगपाइप वाजले, हंगामाच्या मुहूर्ताची म्हणून पाण्यात व्हिस्की ओतली गेली. बोडकी टोपी घालून एफी मागे धुसफुसत उभी होती. मर्डोने ऐटीत गळ मागे नेऊन भिरकावला, तर तो मागेच कशाला तरी अडकला.

 

"ओढू नकोस, मेल्या!" एफी ओरडली. "टोपीला पीस परत लावलंयस ना, आता राहू दे तिथेच!"