खालच्या तीन ओळी

रोमला सहा महिन्यांसाठी कॉलेजातून एकच विद्यार्थी जाणार होता आणि तो हिंदुराव सर निवडणार होते. सांगलीत लॅटिन कळणारा दुसरा माणूस त्यांच्या माहितीत नव्हता. त्यामुळे निवड चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

निवडीसाठी वर्गातल्या सहा जणांपुढे एका लॅटिन उताऱ्याची एकेक झेरॉक्स होती. आधी माया उठली. कवठे महांकाळहून पहिल्या एसटीनं येणारी ही मुलगी विहीर खणल्यासारखी वाचायची. क्रियापद लागेपर्यंत थांबायची, मग कर्ता शोधायची, मग मराठी.

"सेनापतीनं... नदी ओलांडल्यावर... गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, आमच्याकडं धान्य नाही. तेव्हा सेनापतीनं..." ती थांबली. "सर, पुढं न्हाई."

"येत नाही म्हण की सरळ. बस."

विश्वजितनं तोच उतारा एका दमात सांगितला. "...तेव्हा सेनापतीने म्हाताऱ्यांना रडू नका असे सांगून गाव जाळण्याची आज्ञा केली."

"ह्याला म्हणतात वाचणं."

"सर," माया बसल्या जागेवरून म्हणाली, "जाळलं कुठं लिहिलंय? कागद सेनापतीपाशीच कापलाय. सगळ्यांचाच."

सगळ्यांनी कागद पाहिले. झेरॉक्सवाल्यानं खालच्या तीन ओळी खाल्ल्या होत्या. विश्वजितनं आपला कागद तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सरांनी पाहिला नाही. त्यांचं बोट हजेरीपटात उघडून ठेवलेल्या वहीवर होतं. उताऱ्याच्या मराठी भाषांतराची ही वही दरवर्षी जुन्या मुलांकडून नव्यांकडे जाते. बोट 'रडू नका'वर थांबलं होतं. माया पहिल्या बाकावर होती आणि ते मराठीत होतं, म्हणून तिला चटकन वाचता आलं.

सरांनी पट मिटला. "चांगल्या वाचकाला कापलेलंसुद्धा दिसतं," ते म्हणाले आणि रोमच्या अर्जावर विश्वजितचं नाव लिहिलं. मग मूळ पुस्तक मायापुढं सरकवलं.

"खाली जाऊन नीट झेरॉक्स काढून आण. उद्यापासून हेच पान घ्यायचंय. पाच प्रती."

"सर, आमी सहा जण हाय."

"पाच. विश्वजितला कागद कशाला लागतोय?"

जिन्यात उभं राहून मायानं त्या तीन ओळींचा अर्थ लावला. पाऊण तास गेला. सेनापतीनं गाव जाळलं नव्हतं. रडू नका म्हणून त्यानं म्हाताऱ्यांना आपल्या छावणीतलं धान्य दिलं होतं.

तिनं पुन्हा एकदा लावून पाहिलं. तेच आलं.

मग खाली जाऊन तिनं पाच प्रती काढल्या.